रेफ कॉलबॅकच्या टाइपमागचा माणूस : ख्रिस्तोफर स्ट्रेची

एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या डॅशबोर्डचं पान पांढरं पडलं. एरर मेसेज नाही, लोडर नाही, नुसतं कोरं पान. युजर चार्टचा टॅब बंद करायचा आणि त्याच क्षणी सगळंच गायब. शोधत शोधत रात्री दहाच्या सुमारास मी पोचलो ते मीच लिहिलेल्या दोन ओळींपाशी. चार्टच्या डिव्हची रुंदी मोजायला मी एक रेफ कॉलबॅक लावला होता, आणि त्याच्या पॅरामीटरला मोठ्या काळजीने स्वतःच्या हाताने टाइप दिला होता: एचटीएमएल डिव्ह एलिमेंट. बास, तेवढाच. स्ट्रिक्ट मोड चालू असूनही टाइपस्क्रिप्टने चकार शब्द काढला नव्हता.

ज्यांनी कॉलबॅक रेफ वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिॲक्टमध्ये पानावरच्या खऱ्या एलिमेंटला हात लावायचा असेल, म्हणजे त्याची रुंदी मोजायची, फोकस द्यायचा, तर त्याचा रेफरन्स लागतो. तो मिळवायचे दोन मार्ग. एकात तुम्ही रिॲक्टला एक रिकामा डबा देता आणि रिॲक्ट त्यात एलिमेंट ठेवून देतं. दुसऱ्यात तुम्ही एक फंक्शन देता. एलिमेंट पानावर आलं की रिॲक्ट ते फंक्शन बोलावतं आणि एलिमेंट हातात देतं. एलिमेंट पानावरून गेलं की तेच फंक्शन पुन्हा बोलावतं, पण या वेळी हातात देतं नल. म्हणजे या कॉलबॅकचा खरा टाइप असा वाचायचा: टी किंवा नल घेणारं फंक्शन. टीच्या जागी डिव्ह, इनपुट, कॅनव्हास, काय असेल ते.

मी ते नल विसरलो होतो. टॅब बंद झाला, नल आलं, नलची रुंदी वाचायला गेलो, एरर फेकली गेली. वर एरर बाउंडरी नव्हती, म्हणून रिॲक्टने अख्खं पानच उतरवलं.

गंमत पुढे आहे. मी टाइप लिहिलाच नसता तर टाइपस्क्रिप्टने तो संदर्भावरून स्वतः ओळखला असता, त्यात नल धरलं असतं आणि रुंदीच्या खाली लाल रेघ मारली असती. मी शहाणपणा करून टाइप लिहिला म्हणून फसलो! रिॲक्टच्या टाइप फाइलमध्ये या कॉलबॅकची व्याख्या मुद्दाम मेथडच्या रूपात लिहिलेली आहे, आणि तिथे नावच ठेवलंय बायव्हेरियन्स हॅक. टाइपस्क्रिप्ट 2.6 पासून साध्या फंक्शनच्या पॅरामीटरचे टाइप कडक तपासता येतात, पण मेथडच्या बाबतीत ते दोन्ही बाजूंनी सैल धरले जातात. मोठ्या टाइपच्या जागी छोटा दिला तरी चालून जातं. माझं ‘फक्त डिव्ह’ हे ‘डिव्ह किंवा नल’पेक्षा छोटं होतं, आणि ते गुपचूप आत शिरलं.

सोमवारी हे सगळं टीमला समजावून सांगताना एका ज्युनिअर मुलीने विचारलं, सर, पण फंक्शनला टाइप असतो, तो टी बदलता असतो, फंक्शन दुसऱ्याच्या हातात देता येतं, हे सगळं मुळात ठरवलं कोणी? मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन वाचायला लागलो आणि बराचसा माग एका माणसाच्या 1967 सालच्या व्याख्यानांपाशी जाऊन थांबला. तो माणूस ख्रिस्तोफर स्ट्रेची. प्रोग्रॅमिंग भाषांचा अभ्यास करणाऱ्यांत हे नाव मोठं आहे. आपल्यासारख्या रोज कोड लिहिणाऱ्यांना मात्र ते सहसा कोणी सांगत नाही.

घराणं

स्ट्रेची हे आडनाव हिंदुस्थानच्या इतिहासात तुम्ही वाचलं असेल. ख्रिस्तोफरचे आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची इथेच ब्रिटिश सरकारच्या सेवेत होते. 1876 ते 78 च्या ज्या मोठ्या दुष्काळात दख्खन होरपळलं, त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे ते अध्यक्ष. वडील ऑलिव्हर स्ट्रेची काही वर्षं ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरीला होते. पुढे ते इंग्लंडमध्ये गुप्त संदेशांची उकल करणारे म्हणून नावाजले आणि दोन्ही महायुद्धांत त्यांनी हेच काम केलं. आई रे स्ट्रेची स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली बिनीची कार्यकर्ती. काका लिटन स्ट्रेची प्रसिद्ध लेखक. आणि आईच्या मावशीचे यजमान (पुढे ते दोघं विभक्त झाले) म्हणजे बर्ट्रांड रसेल, ज्यांनी 1908 मध्ये गणितातला एक विरोधाभास टाळण्यासाठी टाइपची पद्धतशीर कल्पना मांडली. आपण आज कोलन देऊन जो टाइप लिहितो त्याचं मूळ तिथपर्यंत जातं. नातं योगायोगाचं, पण मला ते वाचून मजा वाटली.

ख्रिस्तोफरचा जन्म 16 नोव्हेंबर 1916 चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. अशा घरातला मुलगा म्हणजे सुरुवातीपासून चमकला असेल असं वाटतं ना? तसं काही झालं नाही. ग्रेशम्स स्कूलमधून तो 1935 मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला, गणित घेतलं, मग विज्ञानाकडे वळला. तिसऱ्या वर्षी त्याची मानसिक तब्येत पार ढासळली. पदवी मिळाली ती दुसऱ्या वर्गाच्या खालच्या श्रेणीत. संशोधन करायचं स्वप्न तिथेच संपल्यासारखं झालं. युद्धाच्या काळात त्याने टेलिफोन आणि केबल बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत व्हॉल्व्हच्या डिझाइनचं गणित केलं, आणि तिथे गणना करणाऱ्या यंत्राशी त्याची पहिली ओळख झाली. युद्ध संपल्यावर तो शाळामास्तर झाला. आधी कॅंटरबरीच्या सेंट एडमंड्स शाळेत, मग 1949 पासून हॅरोमध्ये.

म्हणजे वयाच्या 34 व्या वर्षी हा गृहस्थ मुलांना गणित आणि विज्ञान शिकवत होता. पीएचडी नाही, नावावर फारसं काही नाही. आपल्याकडे या वयात माणसं म्हणतात, आता काय नवीन शिकायचं.

सुट्टीतला प्रोग्रॅमर

1951 च्या जानेवारीत एका मित्राच्या ओळखीने तो नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जाऊन तिथलं पायलट एस हे मशीन बघून आला आणि झपाटला. शाळेच्या सुट्टीत बसून त्याने ड्राफ्ट्स, म्हणजे आपण ज्याला चेकर्स म्हणतो, तो खेळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पायलट एसवर तो काही नीट चालला नाही. मशीनही छोटं होतं. मग कळलं की मॅंचेस्टरला फेरांटी मार्क 1 नावाचं मोठं मशीन आलंय आणि तिथे ॲलन ट्यूरिंग आहे. किंग्ज कॉलेजच्या दिवसांत दोघांची तोंडओळख होती. स्ट्रेचीने ट्यूरिंगने लिहिलेली प्रोग्रॅमिंगची पुस्तिका मागवून घेतली. ती पुस्तिका समजायला अवघड म्हणून कुप्रसिद्ध होती. याने ती पचवली.

ट्यूरिंगने त्याला एक काम सुचवलं: मशीनने स्वतःच्याच कामाचं अनुकरण करावं, म्हणजे एखादा प्रोग्रॅम पायरीपायरीने कसा चालतो ते तपासता येईल असा प्रोग्रॅम. आजच्या डीबगरचा पूर्वज म्हणा. स्ट्रेचीने सुमारे 1000 सूचनांचा प्रोग्रॅम लिहून आणला. त्या मशीनवर एवढा लांब प्रोग्रॅम तोवर कोणी चालवलेला नव्हता. नवख्या मास्तराला रात्रभर मशीन दिलं गेलं. सकाळी प्रोग्रॅम चालत होता, आणि शेवटी मशीनच्या भोंग्यावर इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं. त्या एका रात्रीने त्याचं आयुष्य बदललं. काही महिन्यांत त्याला नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये नोकरी मिळाली आणि 1952 मध्ये हॅरो सुटलं.

त्याच वर्षी त्याचा ड्राफ्ट्सचा प्रोग्रॅम पूर्ण डाव खेळू लागला. पट स्क्रीनवर दिसायचा, म्हणून काही जण त्याला जगातल्या पहिल्या व्हिडिओ गेमांपैकी एक मानतात. आणि मशीनचा यादृच्छिक आकड्यांचा जनरेटर वापरून प्रेमपत्रं लिहिणारा एक प्रोग्रॅमही त्याने केला. वाक्यांचे साचे ठरलेले, शब्दांच्या याद्या ठरलेल्या, निवड मशीनची, आणि पत्राखाली सही मॅंचेस्टर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरची. आज एआयकडून पत्र लिहून घेणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं, 1952.

नव्या नोकरीत त्याने टोरांटोला जाऊन सेंट लॉरेन्स जलमार्गाची गणितं केली आणि पेगॅसस या कॉम्प्युटरच्या तार्किक रचनेत मोठा वाटा उचलला. 1959 मध्ये पॅरिसच्या परिषदेत टाइम शेअरिंगवर निबंध वाचला. त्याच वर्षी नोकरी सोडून तो स्वतंत्र सल्लागार झाला. पैसे त्यातून बरे मिळत, पण मन दुसरीकडे ओढत होतं. प्रोग्रॅम लिहिणं जमतंय, पण प्रोग्रॅमचा अर्थ म्हणजे नक्की काय, हे कोणी धड सांगत नव्हतं. म्हणून त्याने सल्लागारीच्या पैशातून पीटर लॅंडिन नावाच्या तरुणाला मदतनीस म्हणून ठेवलं आणि कामाचा बराच वेळ लॅंडिनला थिअरीसाठीच मोकळा दिला. या लॅंडिनने 1964 मध्ये क्लोजर हा शब्द दिला. आपले सगळे हुक्स, सगळे इव्हेंट हॅंडलर ज्यावर उभे आहेत तेच क्लोजर.

सीपीएल

1962 मध्ये मॉरिस विल्क्सच्या बोलावण्यावरून तो केंब्रिजला गेला. तिथे आणि लंडनमध्ये मिळून एक नवी भाषा करायची ठरली, सीपीएल. नावाचा अर्थ संयुक्त प्रोग्रॅमिंग भाषा असा होता, पण लोक गमतीने सीवरून ख्रिस्तोफर म्हणायचे. भाषा महत्त्वाकांक्षी होती, इतकी की तिचा पूर्ण कंपायलर कधी रोजच्या वापरात आलाच नाही. स्ट्रेची पूर्णत्वाचा हट्ट धरणारा माणूस. पुरतं समजल्याशिवाय छापायचं नाही, पुरतं सुबक झाल्याशिवाय द्यायचं नाही. आपल्यातले प्रॉडक्ट मॅनेजर त्याला दोन दिवसांत वैतागले असते, आणि मला वाटतं त्यांची बाजूही अगदी चुकीची नसती.

पण सीपीएलची कथा तिथे संपत नाही. मार्टिन रिचर्ड्सने तिच्यातून काटछाट करून बीसीपीएल केली, बीसीपीएलवरून केन टॉम्प्सनने बी केली, बीवरून डेनिस रिचीने सी केली. जावास्क्रिप्टमधले महिरपी कंस त्याच वंशातून आलेत.

सीपीएल करतानाच एक प्रश्न पुढे आला, आणि तो आपल्या रेफशी थेट जोडलेला आहे. क्ष बरोबर क्ष अधिक एक, हे वाक्य घ्या. उजवीकडचा क्ष म्हणजे क्षची किंमत. डावीकडचा क्ष? ती किंमत असूच शकत नाही, कारण 5 बरोबर 6 याला काही अर्थ नाही. डावीकडे क्ष म्हणजे जागा. एकच नाव, पण एकदा त्याचा अर्थ घराचा पत्ता आणि एकदा घरात राहणारी माणसं. स्ट्रेचीने यांना एल-व्हॅल्यू आणि आर-व्हॅल्यू म्हटलं, डावी आणि उजवी. सीच्या कंपायलरच्या एरर मेसेजमध्ये हा शब्द ज्यांनी बघून डोकं धरलंय त्यांना आता कळलं असेल तो कुठून आला.

रिॲक्टचा डबा-रेफ म्हणजे पत्ता आहे. डबा तोच राहतो, आतलं बदलतं, आणि बदललं तरी तुम्हाला कोणी कळवत नाही. कॉलबॅक रेफमध्ये तुम्हाला दर वेळी आतला माल थेट दिला जातो, आणि दिला गेला त्या क्षणी तुमचा कोड चालतो. रुंदी मोजायची असेल तर दुसरा मार्ग बरा, तो याच कारणाने.

कोपनहेगन, 1967

1966 मध्ये स्ट्रेची ऑक्सफर्डला गेला आणि तिथे प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुप सुरू केला. ग्रुप हे नाव मोठं, माणसं मोजकी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी शाळेत त्याने प्रोग्रॅमिंग भाषांच्या मूलभूत कल्पनांवर व्याख्यानं दिली. आपल्या कॉलबॅकचा टाइप समोर ठेवून ती वाचली तर एकेक तुकडा ओळखीचा निघतो.

पहिला तुकडा: फंक्शन ही वस्तू आहे का? स्ट्रेचीने दाखवलं की अल्गोल 60 मध्ये संख्या पहिल्या दर्जाच्या नागरिक आहेत आणि प्रोसीजर दुसऱ्या दर्जाच्या. संख्या व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, फंक्शनमधून परत करता येते. प्रोसीजर फक्त बोलावता येते किंवा दुसऱ्या प्रोसीजरला पॅरामीटर म्हणून देता येते. त्याचं म्हणणं, हा भेदभाव कशाला? फंक्शनलाही पहिला दर्जा द्या. रिॲक्ट 19 पासून रेफ कॉलबॅक एक साफसफाईचं फंक्शन परत करू शकतो. म्हणजे फंक्शन घेणाऱ्याला फंक्शन दिलं, त्याने परत फंक्शन दिलं. अल्गोल 60 मध्ये हे लिहिताच आलं नसतं.

दुसरा तुकडा टी. स्ट्रेचीने बहुरूपतेचे दोन प्रकार वेगळे केले. अधिक हे चिन्ह पूर्णांकांनाही चालतं आणि दशांशांनाही, पण आत मशीन दोन वेगवेगळी कामं करतं. ही तात्पुरती, प्रसंगानुरूप बहुरूपता. उलट यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर एक फंक्शन लावणारं मॅप घ्या. यादी कशाची आहे याच्याशी त्याला देणंघेणंच नाही. त्याच्या टाइपमध्ये एक मोकळी जागा असते आणि ती वापरताना भरली जाते. ही पॅरामेट्रिक बहुरूपता, म्हणजेच आपलं जेनेरिक. रेफ कॉलबॅकमधला टी हाच. डिव्ह असो वा कॅनव्हास, रिॲक्ट ते एलिमेंट आत्ता मिळालं एवढंच कळवतं.

करीइंग हा शब्द रूढ होण्याचं श्रेयही बऱ्याचदा याच व्याख्यानांना देतात. ते मी इथे सोडून देतो, त्यावर वेगळा लेख लागेल.

आता या माणसाच्या स्वभावाचा फटका बघा. व्याख्यानांचं पुस्तक निघायचं होतं, ते निघालंच नाही. नोट्सच्या टाइप केलेल्या प्रती हातोहात फिरत राहिल्या, लोक त्यांचे संदर्भ देत राहिले, आणि त्या रीतसर छापून आल्या 2000 साली.

शेवटची वर्षं

1969 च्या हिवाळ्याआधी डॅना स्कॉट हा अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला आला. स्ट्रेचीची अडचण अशी होती: प्रोग्रॅमला गणिती अर्थ द्यायचा तर स्वतःलाच पॅरामीटर म्हणून घेऊ शकणारी फंक्शन्स लागतात, आणि अशा गोष्टींपासून दूर राहण्यासाठीच तर रसेलने टाइप आणले होते. स्कॉटने आधी टाइप वापरा असाच आग्रह धरला, आणि मग स्वतःच काही आठवड्यांत टाइपशिवायचं गणिती मॉडेल शोधून काढलं. दोघांच्या कामातून डिनोटेशनल सिमॅंटिक्स उभं राहिलं. 1971 मध्ये स्ट्रेची प्रोफेसर झाला, खालच्या श्रेणीची पदवी आणि पीएचडी नाही अशा अवस्थेत. 1974 मध्ये विद्यार्थी वॉड्सवर्थबरोबर त्याने कंटिन्युएशनवर निबंध लिहिला. ‘यापुढचं सगळं काम’ हेच एक फंक्शन म्हणून हातात द्यायचं, ही ती कल्पना. कॉलबॅक लिहिणाऱ्याला हे नातं सांगायला नको.

मग रॉबर्ट मिलनबरोबर एका पारितोषिकासाठी त्याने मोठा प्रबंध लिहायला घेतला. त्या कामाने तो थकला. प्रबंध गेला, आणि लगेचच त्याला कावीळ झाली. थोडं बरं वाटलं, पण दुखणं उलटलं. 18 मे 1975 ला संसर्गजन्य यकृतदाहाने तो गेला. वय 58. पुस्तक पुढच्या वर्षी आलं, ते मिलनने पुरं केलेलं.

त्याच्या जागी 1977 मध्ये ऑक्सफर्डला आले टोनी होर. यांनीच 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी नल रेफरन्स आणला होता, आणि पुढे ती आपली फार महागात पडलेली चूक असल्याचं स्वतःच कबूल केलं. मी टाइप फाइल उघडून ‘टी किंवा नल’ पुन्हा वाचलं तेव्हा हे डोक्यात आलं. टी एका प्रोफेसरांचा, नल त्यांच्यानंतर त्याच विभागात आलेल्या प्रोफेसरांचं. आमची चूक ती उभी रेघ विसरण्याची.

आता राहिली दुरुस्ती. मी पॅरामीटरचा टाइप पुसून टाकला आणि टाइपस्क्रिप्टला तो ओळखू दिला. लगेच लाल रेघ आली. रुंदी वाचायच्या आधी नलची तपासणी टाकली. कॉलबॅक यूजकॉलबॅकमध्ये गुंडाळला, कारण दर रेंडरला नवं फंक्शन दिलं तर रिॲक्ट जुन्याला नल देतं आणि नव्याला एलिमेंट, आणि मोजणी उगाच पुन्हा होते. रिॲक्ट 19 वर गेल्यावर साफसफाईचं फंक्शन परत करायला लागलो. ते परत केलं की रिॲक्ट नल देत नाही, साफसफाई बोलावतं. पॅरामीटरच्या टाइपमध्ये नल मात्र अजून आहे, त्यामुळे तपासणी काढू नका. आणि एका ओळीत, महिरपी कंसाशिवाय, रेफची किंमत कशात तरी भरणारे जे कॉलबॅक आम्ही लिहिले होते त्यांच्यावर नव्या टाइपमध्ये एरर आली. तसं लिहिलं की भरलेलं एलिमेंट आपोआप परत जातं, आणि आता परत द्यायचं ते फंक्शन तरी हवं नाहीतर काहीच नको. कंस घातले, प्रश्न मिटला. आमच्याकडे असे अकरा निघाले.